बिनठिपक्यांचा पिंगळा

माझ्या भाचीला घुबड पाहायचं होतं, तेही दिवसाउजेडी. कारण अगदी साधं होतं, रात्री तिला झोप येते. वय वर्षं नऊ, मुक्काम पुणे. "मामा, सगळी घुबडं रात्रपाळीलाच असतात का?" असं तिनं विचारलं तेव्हा घरातले सगळे हसले. मी हसलो नाही. दिवसपाळी करणारं एक घुबड मला ठाऊक होतं, आणि त्याचा पत्ता आमच्या खानदेशातलाच होता. दिवाळीची सुट्टी संपायला थोडे दिवस उरले होते. फराळाचा एक डबा, एक दुर्बीण आणि एक रिकामी वही घेऊन आम्ही शहाद्याच्या रस्त्याला लागलो.

पुण्याच्या मुलांना जंगल म्हणजे फाटक, तिकीट, उघडी जिप्सी आणि वाघ एवढंच माहीत असतं. दोष मुलांचा नाही. वाघ नसलेलं जंगल म्हणजे नवरदेव नसलेली वरात, असं आपणच त्यांना शिकवून ठेवलंय. नंदुरबार जिल्ह्यात फाटक नाही, जिप्सी नाही आणि वाघाची कुणी हमीही देत नाही. म्हणूनच मला तिला तिथं न्यायचं होतं.

पहिला धक्का जंगल यायच्या आधीच बसला. धुळे मागे पडलं, दोंडाईच्याकडची काळी रानं सुरू झाली आणि खिडकीतून एक लांबच लांब टेकाड दिसायला लागलं. टेकाड कसलं, भिंतच ती. रुंदीला बेताची, माथ्यावर काळ्या दगडांची उतरंड, आणि शेतांमधून सरळ रेषेत चाललेली. "ही कुणी बांधली?" तिनं विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. अशा भिंती इथं एकदोन नाहीत. नंदुरबार-धुळे पट्ट्यात भूशास्त्रज्ञांनी दोनशेहून अधिक मोजल्या आहेत आणि त्यातली सर्वांत लांब सुमारे 79 किलोमीटर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉर संपायला आले होते त्या काळात, इथली जमीन पूर्व-पश्चिम तडकत गेली. त्या भेगांमधून तप्त रस वर चढला आणि भेगेतच थिजला. पुढं आजूबाजूचा जरा मऊ दगड ऊनपावसानं झिजून गेला आणि भेगेत भरलेला कठीण दगड तेवढा उभा राहिला. घर पडलं आणि दारात ओतलेलं शिसं उरलं, तसं काहीसं. शास्त्रज्ञ याला डाईक म्हणतात. त्याच्यावर नांगर चालत नाही, त्यामुळं ते कुणाच्या वाट्याला फारसं येत नाही. शेळ्या चरतात, बोरी-बाभळी वाढतात आणि पोरं वर चढून पतंग उडवतात.

"म्हणजे ही फटीची भिंत आहे," ती म्हणाली. हे वाक्य माझ्या सगळ्या स्पष्टीकरणापेक्षा चांगलं होतं. वहीतली पहिली नोंद तीच झाली.

तापी ओलांडली की उत्तरेला सातपुडा दिसतो. निळा, बुटका, पण संपतच नाही. त्याच्या पलीकडे नर्मदा आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा जेमतेम 54 किलोमीटरचा काठ येतो आणि तो सगळा याच जिल्ह्यात आहे. महाराष्ट्रातल्या गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेला धावतात. या दोघी मात्र पाठ फिरवून पश्चिमेला जातात, आणि मध्ये सातपुडा, दोन बहिणींच्या भांडणात बसलेल्या आजीसारखा. सपाटीला ऊस, केळी, पपई, मिरची. डोंगराच्या पायथ्यापाशी शेती एकदम थांबते आणि साग सुरू होतो. या शिवेवरच आम्हाला काम होतं.

आता पिंगळ्याबद्दल.

पिंगळा हा शब्द मराठी माणसाला दोन अर्थांनी ठाऊक आहे. एक, पहाटेच्या अंधारात कंदील आणि कुडमुडं घेऊन दारोदार भविष्य सांगत येणारा पिंगळा जोशी. दुसरा, तिन्हीसांजेला वडाच्या ढोलीतून डोकं बाहेर काढून कर्कश बडबडणारं छोटं घुबड. हे दुसरं म्हणजे ठिपकेवाला पिंगळा. तो जवळजवळ प्रत्येक गावात असतो, पडक्या वाड्यात, जुन्या चिंचेत, शाळेच्या कौलांखाली. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात, कुणी अक्षता टाकल्यासारखे. मुलांनी हे एवढंच लक्षात ठेवायचं: अक्षता.

कारण त्याचा एक चुलतभाऊ आहे, रानपिंगळा. उंची सुमारे 23 सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीपेक्षाही कमी. डोकं मात्र जवळजवळ कोरं, राखाडी-तपकिरी. पंखांवर आणि शेपटीवर रुंद काळे-पांढरे पट्टे, पोट पांढरंशुभ्र, चोच आणि पंजे अंगाच्या मानानं दांडगे, आणि पायांवर पांढरी पिसं, जणू धुतलेला लेंगा घातलाय. शेपटी सारखी झटकतो. हा सकाळच्या कोवळ्या उन्हात उघड्या फांदीवर येऊन बसतो आणि खाली पालापाचोळ्यात सरडा, उंदीर किंवा टोळ हलला की झेप घेतो. दिवसपाळीवाला हाच.

आणि हाच तब्बल 113 वर्षं हरवला होता.

ही गोष्ट मी भाचीला शहाद्यात रात्री सांगितली. झोप येणार म्हणाली होती, पण आली नाही. 1872 च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडमध्ये एफ. आर. ब्लेविट या गृहस्थाला एक वेगळंच घुबड मिळालं. पुढच्या वर्षी त्याला शास्त्रीय नाव दिलं ए. ओ. ह्यूम यांनी. हेच ते इतिहासाच्या पुस्तकातले काँग्रेसचे ह्यूम, ज्यांना पक्ष्यांचं वेड राजकारणाच्या कितीतरी आधी लागलं होतं. नाव ठेवलं हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी. हेटेरोग्लॉक्स म्हणजे निराळं घुबड. पुढच्या दहाबारा वर्षांत आणखी थोडे पक्षी मिळाले, त्यातले बरेच इकडे पश्चिम खानदेशात, जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याला. त्या काळची पद्धत अशी की पक्षी मारायचा, सोलायचा, कापूस भरायचा, टाके घालायचे आणि पायाला चिठ्ठी बांधायची. कुठं मिळाला, कधी मिळाला, कुणाला मिळाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे असे सात नमुने आहेत. 1884 नंतर कुणाला काही मिळालं नाही.

एक अपवाद होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा मोठा नावाजलेला पक्षीतज्ज्ञ. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं: 1914, मांडवी, तापीकाठ, गुजरात. त्या चिठ्ठीवर विसंबून थोरामोठ्यांनी शोध घेतला. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांना हा पक्षी काही सापडला नाही. पुष्कळांनी मग मनोमन त्याला मूठमाती दिली.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंना चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवायची सवय नव्हती. त्या नमुनाच बघायच्या. पक्षी भरणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, जशी प्रत्येक आजीची गोधडी टाक्यांवरून ओळखू येते. माइनर्ट्झहागेनच्या पिंगळ्यात टाके उसवून पुन्हा घातल्याच्या खुणा होत्या. क्ष-किरण तपासणी झाली, आतल्या धाग्यांची तपासणी अमेरिकेच्या एफबीआयच्या प्रयोगशाळेत झाली. निघालं ते असं: कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचा पक्षी लंडनच्या संग्रहालयातून चोरला होता, पुन्हा भरला होता आणि त्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे प्रकरण 1999 मध्ये रीतसर छापलं.

"म्हणजे सगळे चुकीच्या गावात शोधत होते?" भाची उठून बसली.

चिठ्ठीवरचं गावच खोटं होतं. ते वगळलं की उरली जुनी, खरी गावं. 1997 च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अबॉट तिघं भारतात आले. इतरत्र हिंडून हाती काही लागलं नाही, तेव्हा डेव्हिडसनच्या मुलखात आले, शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. 25 नोव्हेंबरची सकाळ होती. बेन किंग यांना एका निष्पर्ण झाडावर, लख्ख उन्हात, एक पिंगळा बसलेला दिसला. डोक्यावर ठिपके नव्हते. पाठीवरही नव्हते. एका शतकाहून जास्त काळानं कुणी शास्त्रज्ञ जिवंत रानपिंगळ्याकडे बघत होता. त्यांनी फोटो काढले, चित्रीकरण केलं. पक्षी मजेत बसून राहिला.

मला यातली आवडती गंमत वेगळीच आहे. त्या दिवशी नंदुरबार जिल्हा अस्तित्वातच नव्हता. हा सगळा धुळे जिल्हा होता, नवा जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. म्हणजे जिल्ह्यानं जन्माला यायच्या आधीच आपली सर्वांत मोठी बातमी जगाला दिली होती. पुढं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या राखीव जंगलात या पक्ष्याचा अभ्यास केला. तळोद्याच्या रानात आणि मेळघाटातही तो मिळाला. 2014 मध्ये तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा अभयारण्यातही दिसला. पूर्वी तो नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या यादीत होता, 2018 मध्ये एक पायरी खाली आणला. धोका गेलेला नाही. त्याला ढोल्यांची मोठी झाडं लागतात, आणि ती सगळीकडेच कमी होतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही म्हसावद मागे टाकून राणीपूरच्या बाजूला निघालो. हाच रस्ता पुढं सातपायरी घाटानं तोरणमाळला चढतो. यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथाचं देऊळ, महाशिवरात्रीची यात्रा, हे सगळं वर. आम्ही वर गेलोच नाही. पायथ्याला गाडी उभी केली आणि चालायला लागलो.

पहिल्याच वळणावर वनविभागाची पाटी होती. तिनं ती वाचली आणि विचारलं, "हे रान कुणाचं आहे?"

मुलं नेमका हा प्रश्न विचारतात आणि मोठी माणसं नेमकी इथंच गडबडतात. सरकारचं, म्हटलं की मुलांना वाटतं कुणा साहेबाचं. मी तिला जमेल तसं सांगितलं. इथले भिल्ल, पावरा, मावची लोक या रानात राहत होते, तेव्हा पाटी नव्हती. इंग्रजांनी 1878 चा वन कायदा केला, जंगलाचे तुकडे राखीव ठरवले, आणि लाकूड, चराई, शिकार, सगळ्याला परवानगी लागायला लागली. स्वातंत्र्यानंतरही पाटी तीच राहिली, फक्त खालचं नाव बदललं. मग 2006 मध्ये वनहक्क कायदा आला. त्यानं म्हटलं की या माणसांचा कसण्याचा, वेचण्याचा हक्क होताच, तो आता कागदावर मान्य करायचा. गावाला आपलं रान राखायचाही हक्क त्यात मिळाला. नंदुरबारच्या कुठल्याही पाड्यावर 'दावा' हा शब्द आजही चहाइतकाच ऐकू येतो.

"मग माझं पण आहे का?"

थोडंसं, मी म्हटलं. बघायला आणि वहीत लिहायला येण्याइतकं. इथलं लाकूड तोडायला किंवा मोह वेचायला तू येऊ नकोस, ते ज्यांचं आहे त्यांचं आहे. ही वाटणी तिला पटली. शाळेच्या वाचनालयासारखं, ती म्हणाली.

चालताना मी एक चूक करत होतो, ती दहा मिनिटांनी कळली. रेल्वे स्टेशनवरच्या सूचनांसारखी मी नावं सांगत सुटलो होतो: हा साग, हा धावडा, हा तेंदू, हा सालई. ती नुसती मान हलवत होती. नाव मिळालं की मूल पुढं बघतच नाही, जणू काम झालं. मी गप्प बसलो आणि चमत्कार झाला. ती सागाच्या एका पडलेल्या पानापाशी बसली. पानाचा हिरवा गर नाहीसा होता, शिरांची नुसती जाळी उरली होती, आपल्या हाताच्या तळव्याहून मोठी, पैठणीच्या पदरासारखी बारीक. सूर्याकडे धरून बघितलं तर आरपार ऊन. पावसाळा सरताना एका बारीक पतंगाच्या अळ्या सागाच्या पानावर तुटून पडतात. त्या शिरा सोडतात आणि मधला मऊ भाग तेवढा खातात. आपण वांग्याचं भरीत खाताना साल बाजूला सारतो, तसं. दुरून सबंध टेकडी करपल्यासारखी दिसते. साग मरत नाही. कोवळं पान मिळालं तर तळहातावर चोळून बघायचं, हात मेंदीसारखा लाल होतो. हे खानदेशातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे आणि वनस्पतिशास्त्राच्या कित्येक पदवीधरांना नाही.

थोडं पुढं एक झाड उभं होतं, पांढरंफटक. नुकतीच पानं झडलेली, खोडावरून कागदासारखे पापुद्रे सुटलेले, आणि फांद्या अशा वेड्यावाकड्या पसरलेल्या की अंधारात बघितलं तर माणूस पळत सुटेल. कुणी त्याला करू म्हणतात, कुणी कांडोळ, कुणी पांढरुख, आणि बहुतेक सगळे जण भुताचं झाड म्हणतात. त्याच्या सालीला जखम झाली की डिंक पाझरतो, तोच कराया डिंक म्हणून औषधांत आणि खाद्यपदार्थांत जातो. भाचीनं त्याच्या खोडाला हात लावला. गार होतं आणि गुळगुळीत. "भूत थंड असतं," तिनं लिहिलं.

तिथंच शेळ्या घेऊन एक मुलगा आला. अकराएक वर्षांचा, जवळच्या पाड्यावरचा. आमच्याकडे बघत जरा वेळ लांब उभा राहिला, मग दुर्बिणीच्या ओढीनं जवळ आला. दुर्बीण त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटी धरली, हसला, सरळ केली आणि समोरच्या टेकडीवर रोखली. नंतरचा अर्धा तास मी दोघांच्याही खिजगणतीत नव्हतो.

त्याला या रानातलं सगळं ठाऊक होतं, पण पुस्तकातल्यासारखं नाही. कुठल्या झाडावर मधाचं पोळं आहे, कुठल्या झाडाखाली शेळ्या बसत नाहीत, अस्वल कुठून उतरतं. भाचीनं त्याला पक्ष्यांची चित्रं दाखवली. त्यानं आपल्या बोलीतली नावं सांगितली, तिनं ऐकू आली तशी लिहून घेतली. पावरी बोलीतले काही स्वर देवनागरीत बसता बसत नाहीत. तिनं त्यांना टिंबं देऊन, रेघा मारून बसवलं. मी मध्ये पडलो नाही. त्या वहीतलं ते पान मला पक्षीमार्गदर्शकाच्या कुठल्याही पानापेक्षा मोलाचं वाटतं.

मग त्यानं एका मोठ्या झाडाकडे बोट दाखवलं. "हा मोहा. आमचा."

"तुमचा म्हणजे?"

"आमच्या घरचा. आमी वेचतो. तो तिकडचा काकाचा."

झाड वनविभागाच्या हद्दीत, जमीन सरकारची, पण कुठल्या घरानं कुठल्या मोहाखाली वेचायचं हे पाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. कागदावर नाही, पण मोडत कुणी नाही. आणि मोहाचं काम आहेच असं अजब. मार्च-एप्रिलमध्ये पानं झडतात आणि फुलांचे झुपके लागतात. फूल उमलतं रात्री, कारण त्याचे मुख्य पाहुणे रात्रीचे आहेत, वटवाघळं. गोड, जरासा आंबूस वास अंधारात लांबपर्यंत जातो. वटवाघळं गर खायला येतात आणि त्यांच्या अंगाला चिकटून परागकण या झाडावरून त्या झाडावर जातात. पहाट झाली की फुलाचा रसाळ, पिवळट भाग पुंकेसरांसकट सुटून खाली पडतो. टप, टप, टप. बीजकोश मात्र देठाला तसाच राहतो आणि त्याचं पुढं फळ होतं. म्हणजे जे वेचलं जातं ते तोडलेलं फूल नव्हेच. आपलं काम उरकून सुटीवर निघालेलं फूल आहे ते. घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली असतात. वाळवलेला मोह वर्षभर पुरतो, आणि फळातल्या बियांचं तेल निघतं. एकाच झाडाकडून दोन पिकं, आणि दोन्ही वेळा झाडाला कुऱ्हाड लागत नाही.

(मोहाखालचा पाला साफ करायला जाळतात, आणि ती आग कधीकधी रानात पसरते. हेही खरं आहे आणि मुलांना सांगायला हवं. रान म्हणजे काही देवघर नाही.)

मुलगा म्हणाला, मोहाच्या दिवसांत पहाटे उठायला त्याला कधी कंटाळा येत नाही. भाची म्हणाली, तिला शाळेसाठी सात वाजता उठायलाही येतो. दोघं एकमेकांकडे जरा आदरानं बघायला लागले.

नर्मदाकाठच्या चिमलखेडी, निमगव्हाण अशा धरणाच्या बुडितात जाणाऱ्या गावांमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनानं जीवनशाळा सुरू केल्या, तेव्हा त्यांना हाच प्रश्न पडला असणार. रानात वाढलेल्या मुलाला रान काय शिकवायचं? त्यांनी मुलांच्या बोलीपासून आणि मुलांना जे आधीच येतं त्यापासून सुरुवात केली. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला 2004 पासून वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. बायका रानातून भाज्या खुडून आणतात, रांधतात आणि नाव-गुणासकट मांडतात. बारीपाड्याचं जंगल राखण्यासाठी चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, तिच्यामागं अशी ताटंही आहेत. शहरातल्या मुलाला जैवविविधता हा शब्द समजावण्यापेक्षा त्याला एका ताटात पंधरा रानभाज्या वाढाव्यात. पहिल्या तीन नकोशा वाटतील. चौथीला तो विचारेल, ही कुठं उगवते?

शासनाच्या कागदांतही यासाठी एक सुंदर वही आहे, फारच कमी लोकांना माहीत असलेली. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे: गावात कुठली झाडं, कुठले पक्षी, कुठली वाणं, कुठले पाणवठे, आणि त्यांच्याविषयी गावाला काय ठाऊक आहे. कितीतरी ठिकाणी ती वही कपाटात आहे आणि कुणीतरी भाड्यानं भरून दिलेली आहे. ती शाळेतल्या पोरांच्या हातात दिली तर काय होईल याचा मी अनेकदा विचार करतो. या मुलाला शेळ्यांच्या बदल्यात एक दिवस ती वही दिली असती, तर चार पानं अशी भरली असती की तालुक्याला कुणी भरू शकलं नसतं.

नऊ वाजत आले. रानपिंगळा दिसायची वेळ टळत चालली होती. मी भाचीला आधीच सांगून ठेवलं होतं की दिसेलच असं नाही, आणि मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. बिचारा दुसरा कुणी आपल्या हद्दीत घुसला समजून खायचं सोडून धावत येतो. तिनं हे मान्य केलं होतं, पण चेहरा उतरलेला होता. मुलगा शेळ्या वळवून निघून गेला होता.

परतताना शेताच्या बांधावर, एका वठलेल्या झाडाच्या खालच्या फांदीकडे बघून ती थबकली. मातीच्या रंगाचा एक गोळा. पिवळे डोळे. आमच्याकडे बघून त्यानं मान खाली-वर केली, जणू कमरेत वाकून नमस्कार घालतोय. भाचीचा हात दुर्बिणीकडे गेला आणि मी श्वास रोखून धरला, कारण ऊन थेट त्याच्या तोंडावर होतं आणि मलाही डोकं नीट दिसत नव्हतं.

तिनं बराच वेळ बघितलं. एवढा वेळ तिनं टीव्हीखेरीज कशाकडे बघितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अक्षता आहेत," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात तो उडाला. रस्त्यापलीकडच्या उसात शिरला आणि दिसेनासा झाला.

गाडीत बसल्यावर तिनं वही काढली. पेन्सिलीचं टोक चावत थोडा वेळ बसली. "मामा, मी 'ठिपके नाहीत' असं लिहिलं तर?" तिनं विचारलं. डोळ्यांत खट्याळपणा होता. "मग सगळे या झाडापाशी येतील शोधायला."

"शंभर वर्षं येत राहतील," मी म्हटलं.

ती हसली, आणि लिहायला लागली. अक्षर तिरकं येत होतं, कारण रस्त्यात खड्डे होते. शहादा आल्यावर मी वही मागून बघितली. फटीची भिंत आणि थंड भूत या दोन पानांच्या पुढं हे होतं:

पिंगळा. एक. वठलेलं झाड, उसाशेजारी, राणीपूरच्या रस्त्याला. सकाळी 9 वाजून 20 मिनिटं. मी पाहिला, मामानेपण पाहिला. डोक्यावर ठिपके: आहेत. मोजायच्या आत उडाला.